रोज बुडणारी गाळपेर

माजिवडा

आमच्या माजिवड्याला संध्याकाळी सात वाजता इतका उजेड असतो की कोंबड्यांना झोप लागत नाही. म्हणून तर आम्ही त्या सगळ्या खाऊन टाकल्या. जिथं माझ्या आज्याची भातखाचरं होती तिथं आता असा टॉवर उभा आहे की पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची माणसं ढगांच्या वर राहतात, आणि खाली पाऊस पडतोय का हे वॉचमनला फोन करून विचारतात. टॉवरच्या दारात एक कारंजं आहे. पंप पाणी वर फेकतो, ते निळं-जांभळं होऊन खाली पडतं, पंप तेच पाणी पुन्हा वर फेकतो. बिल्डरनं जाहिरातीत कारंज्याचा फोटो टॉवरपेक्षा मोठा छापलेला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे कारंज्याच्या बटणाची किल्ली माझ्याकडं असते आणि मी ती कमरेला लावून फिरतो.

त्या कारंज्यापाशीच उभा होतो तेव्हा बायचा फोन आला. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. मुरबाडच्या पलीकडं, सह्याद्रीच्या पार बुडाशी दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही. धरणवाल्या कंपनीची माणसंही वाचतात.

"जना, रविवारी ग्रामसभा हाय. तुजं दाजी हो म्हननार."

"कशाला?"

"धरनाला. आपली खाचरं जानार."

मी इतक्या जोरात "काय?" म्हणालो की पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्यानं उत्तर दिलं.

"आनि मीपन हो म्हननार हाय," बाय म्हणाली.

"मग मला कशाला बोलावतेस?"

"तू आयलास म्हंजे भांडन नीट व्हईल."

जमिनीला हो म्हणायचं म्हणजे काय, ते आम्हा ठाण्याच्या आगऱ्यांना विचारा. आम्ही एकदा हो म्हटलं आणि आम्हाला कारंजं मिळालं. माझ्या रागाला तोंड फुटायला एवढं पुरे होतं. बायची खाचरं, बांधावरचे रायवळ आंबे, गोठा, सगळं पाण्याखाली जाणार आणि ही बाई हसत हो म्हणणार! मी त्याच मिनिटाला निघणार होतो. पण वाटेत गायकवाड लागतो, आणि त्याला टाळून जगात कुठंच जाता येत नाही.

कल्याण

सुरेश गायकवाड माझा आयटीआयपासूनचा दोस्त. मी वायरमनचा कोर्स अर्धा सोडून जमीनमालक झालो, त्यानं पुरा करून वीज खात्यात जन्म काढला. आता निवृत्त. कल्याण पूर्वेला बुद्धविहाराची रोषणाई करणं, जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्यांच्या वीजबिलांची भांडणं भांडणं आणि मला सुधारणं अशी त्याची कामं. पहिल्या दोन्हींत त्याला यश आहे.

शनिवारी सकाळी मी त्याच्या दारात गेलेलो तो चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिशवी घेऊन. बहिणीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि डोंगरात दिलेल्या बहिणीकडं तर खाडीतलं काहीतरी जिवंत न्यायचं. चिंबोऱ्या इतक्या ताज्या होत्या की रिक्षावाल्याशी भाड्यावरून त्याच भांडल्या.

"आधी पोहे खा, मग शिव्या दे," गायकवाड म्हणाला. "पाण्यावरची वीज म्हणजे एकच भानगड नाही. एक, धरण बांधून पाणी साठवायचं, हवं तेव्हा सोडायचं. दोन, नदी वाहतेय तशी थोडी वळवायची, पाइपातून खाली सोडायची, साठवायची नाही. तिसरं तुझ्या बायच्या गावातलं. दोन तळी. एक डोंगरावर, एक पायथ्याला. दुपारी सोलरची वीज उतू जाते, तिला गिऱ्हाईक नसतं. त्या विजेनं खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी तुमचे एसी लागले की तेच पाणी खाली सोडायचं नि वीज करायची."

"म्हणजे वीज खाऊन वीज करणार?"

"साधारण चार खातं, तीन देतं."

"याला वीज केंद्र म्हणतात होय? आमच्याकडं याला जावई म्हणतात."

"हसू नको. दुपारी दोनची वीज नि संध्याकाळी सातची वीज सारखी नसते, म्हात्रे. वरात निघून गेल्यावर आलेला बँडवाला काय कामाचा? उद्या कोळसा बंद करायचा तर सूर्य मावळल्यावर काय, याचं उत्तर पाहिजे ना कुणाकडं तरी?"

गायकवाडचा हा वाईट गुण आहे. मला राग आला की तो मुद्दा मांडतो.

"रस्त्यात पहिले दोन्ही प्रकार आहेत," तो म्हणाला. "आधी बघ."

आम्ही त्याच्या अल्टोतून निघालो. गोवेलीच्या पुढं एक चिंबोरी पिशवीतून निघाली आणि क्लचखाली जाऊन बसली. गायकवाडला वाटलं क्लच घट्ट झालाय, म्हणून त्यानं चप्पल काढून पाय दिला. पुढचं सांगत नाही. जी अल्टो उतारावरसुद्धा विचार करून चालते ती त्या दिवशी एसटीला ओव्हरटेक करून मुरबाडात शिरली, आणि एसटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं वाटत असेल तर गायकवाडचा अंगठा अजून बघण्यासारखा आहे.

धरण

पहिलं धरण जुनं. भिंत एवढी लांब की एका टोकाला लग्न लागलं तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बारसं होईल. भिंतीच्या पायाशी बुटकं वीजघर. शहरांना प्यायला पाणी सोडतात ते जाता जाता चाक फिरवून जातं. गायकवाड त्या वीजघराकडं असा बघत उभा होता जसा मी सुरमईकडं बघतो.

"धूर नाही, राख नाही. बांधकामाचे पैसे कधीच वसूल झालेत. याहून स्वस्त वीज दाखव मला."

मला दाखवता येईना. मग आम्ही वळसा घालून भिंतीच्या मागं गेलो.

मार्च महिना होता, पाणी बरंच मागं हटलेलं. हटलेल्या पाण्यानं मागं जो काळा गाळ सोडला होता त्यावर हिरवं रान माजलं होतं. कलिंगडं, काकड्या, वांगी, भेंडी. याला म्हणतात गाळपेर. दिवाळीनंतर धरण जसजसं उतरतं तसतशी लोक उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, पाऊस येऊन धरण भरेस्तोवर पीक काढून घेतात. खत नको, फारसं पाणी नको. रस्त्याकडेला बुधाजी नावाचा एक वाळकुडा म्हातारा कलिंगडांचा ढीग लावून बसला होता.

"गोड आहे का?" मी विचारलं.

"साखर घालून बघा, गोडी कमी व्हईल."

त्यानं विळ्यानं फोडलं. मी खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, त्या रसात आंघोळ केली. एवढं गोड फळ मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि बायचं लक्ष या हिरव्या पट्ट्यावर आहे हे तेव्हा मला कळलं असतं तर पुढचा अर्धा वैताग वाचला असता.

"जमीन कुणाची, बाबा?"

"सरकारची. वर्साला भाडं भरतो."

"आधी कुणाची होती?"

त्यानं विळ्याचं टोक पुढं केलं. वेलांच्या मधोमध एक दगडी चौथरा वर आला होता. "त्यो माझा ओटा. आजा बसायचा त्याच्यावर. तुमी खाताय ना, ते चुलीजवलचं हाय."

मी हातातली फोड खाली ठेवली.

म्हणजे माणसाचं घर बुडवायचं, उन्हाळ्यात ते वर आलं की त्याचंच त्याला भाड्यानं द्यायचं, आणि वर म्हणायचं बघा, गाळपेर दिली! मी गायकवाडवर ओरडलो, कारण ओरडायला दुसरं कुणी नव्हतं. "स्वस्त वीज ना? ज्यांनी किंमत भरली त्यांना बेरजेत धरलंच नाही, म्हणून स्वस्त!"

"बरोबर," गायकवाड शांतपणे म्हणाला. "आणि तू सकाळी तोंड कशानं धुतलंस?"

मी बुधाजीकडं वळलो. "गावात वीज आली का, बाबा?"

"आली की. पोरगा झाला तवा तार आली. नातू झाला तवा तारंत वीज आली."

वाहत्या पाण्याचं केंद्र

दुसरा प्रकार गायकवाडचा लाडका. नदीवर गुडघाभर बंधारा, तिथून डोंगराच्या कडेकडेनं एक पाइप, आणि खाली टुमदार खोलीत यंत्र. "इथं कुणाचाही ओटा बुडलेला नाही," तो मला बजावत होता, आणि बजावता बजावता चढावर अल्टोचा रेडिएटर उकळला. बॉनेटमधून अशी वाफ निघाली की त्या वाफेवरच एखादं वीज केंद्र चाललं असतं.

"घाबरू नको," मी म्हणालो. "पाण्यावरच्या वीज केंद्राच्या दारात उभे आहोत. पाणी मागू."

आतून ऑपरेटर आला. डोळे चोळत, लुंगी सावरत.

"पाणी आहे का, भाऊ?"

"जूनमध्ये."

"गाडीत घालायला हवंय."

"मला प्यायलाच मुरबाडहून जार येतो. यंत्र बघायचंय? बघा. पावसाळ्यात असं फिरतं की माझ्या दाढा हलतात. पण तेव्हा सगळीकडंच पाणी, सगळीकडंच वीज. लग्नात शंभरावी पंगत वाढायला आल्यासारखं आमचं. आता होळीला सगळ्यांना वीज हवी तर आम्ही झोपलोय."

नदीचे दगड उन्हात पांढरे पडले होते. बंधाऱ्यापासून या खोलीपर्यंतची नदी तर बारा महिन्यांतली बरीचशी कोरडीच असते, कारण पावसाळ्यातही पाणी पाइपातून येतं आणि दगडांच्या वाट्याला उरलंसुरलं. एवढा खर्च, एवढे पाइप, आणि यंत्र वर्षातले थोडेच महिने जागं. कुणाला बुडवत नाही हे खरं. पण मी तसा माणूस ओळखतो, जो कुणाला बुडवत नाही आणि कुणाच्या उपयोगालाही येत नाही. तो आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे.

तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई पायवाटेनं आली. वरच्या पाड्यावरची. झऱ्याचं पाणी भरून परत निघालेली. आमची वाफ बघून थांबली. काही न विचारता तिनं हंडा उतरवला आणि अर्धा रेडिएटरमध्ये ओतला. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"पहिल्या पावसाला इथं चढणीचं मासं मिळायचं, पाटी पाटी," ती म्हणाली. "आता पाइपाच्या तोंडाशी येऊन परत जातात. नदी तुमी पाइपात घातली, आता माझा हंडा गाडीत घाला." आणि उरलेला हंडा उचलून गेली.

गायकवाडचा लाडका प्रकार होता, म्हणून मी त्याला टोमणा मारणार होतो. पण त्याचा चेहरा बघून नुसतं बॉनेट लावलं. आमच्या मैत्रीत असं पूर्वी एकदाही घडलं नव्हतं.

बायचं घर

बायच्या गावात शिरलो तर खाचरांच्या कडेनं सफेद रंग फासलेले दगड. पाणी कुठवर येणार त्याच्या खुणा. घर दगडांच्या वर, खाचरं सगळी खाली. आमच्याकडं ठाण्यात जमीन जाते तेव्हा बॅनर लागतात, ढोल वाजतात, नेते येतात. इथं नुसते दगड रंगवले होते. एका दगडावर बायची शेळी बसली होती.

बायनं चिंबोऱ्या बघितल्या आणि साठीतली ती बाई सोळाची झाली. अळणी डोंगरात राहून राहून ती खाडीच्या वासालाही हसते. दिवेलागणीला पानं वाढली. चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. पहिला घास घेतला आणि वीज गेली. बरोबर सातला.

"रोज जाते," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे बायचे यजमान. एवढा कमी बोलणारा माणूस की लग्नात नावही बायनंच दोघांच्या वतीनं घेतलेलं.

कंदील आला. मी घोडं पुढं दामटलं. "बाय, आता सांग. हो का म्हणतेस?"

"गालपेर मिलनार हाय." ती अशी हसली जशी लॉटरी लागलीय. "त्या धरनावरचा बुधाजी माईत हाय? कलिंगरं मुंबैला जातात त्याची. आमचं भात एकदाच, त्यातबी रानडुकराचा वाटा. जमिनीचं पैसं येतील, वरतं गालपेर. तुजं दाजी कंपनीच्या साहेबाला तोंडावर विचारून आयले."

"दोनदा मान डोलावली," दाजी म्हणाले. म्हणजे साहेबानं.

गायकवाडनं भाकरी खाली ठेवली. "पण ताई, ते पाणी तसं नसतं..."

मी त्याला हातानं थांबवलं. माझ्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं. आमचे बाबा कोलशेतच्या खाडीवर मिठागरात होते. उघाडी राखायचं काम त्यांचं. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. उधाणाला ती उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला बंद करायचं. बाय लहानपणी त्यांची भाकर घेऊन जायची.

"बाय, बाबा उघाडीवर होते ना, तेव्हा खाडीच्या काठाला आपण काय पेरायचो?"

"खारीच्या काठाला? यडा झालास काय? तितं कोन काय पेरनार? दिसातनं दोनदा पानी चरतं नि दोनदा उतरतं. तिवरं सोरून तितं काय..."

चिंबोरीची नांगी तिच्या हातात तशीच राहिली.

"जना. यो पानी कवा उतरनार?"

गायकवाडनं सांगितलं. संध्याकाळी वरचं पाणी खाली येणार, तुमचं तळं भरणार. दुसऱ्या दुपारी तेच वर चढणार, तळं रितं होणार. रोज.

"म्हंजे उधान," बाय म्हणाली.

"उधाण," मी म्हणालो. "डोंगरात."

बुधाजीचं पाणी वर्षातून एकदा उतरतं, म्हणून त्याची कलिंगडं. बायचं पाणी रोज उतरणार आणि रोज चढणार. जो पट्टा रोज बुडतो त्यावर गवताची काडी टिकत नाही, पाय दिला तर माणूस गाळात कमरेपर्यंत जातो, आणि गुरं तर जातातच. एवढं मोठं गाव, आणि धरण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं शेजारच्या धरणाचं हिरवं रान. कुणाला दुसरं धरण ठाऊकच नव्हतं. बायला मात्र खाडी ठाऊक होती. चाळीस वर्षं ती विसरून बसली होती एवढंच.

बाय रागावली की ओरडत नाही, भांडी घासते. त्या रात्री तिनं अशी भांडी घासली की टोप चाळणी होऊन निघाले आणि आवाजानं डोंगरावरची वानरं खाली उतरून आली.

गायकवाड न्यायाचा माणूस. त्याला राहवलं नाही. "ताई, योजना मूर्खपणाची नाही हो. सूर्य मावळला की वीज लागतेच..."

बायनं अंधारातून मान वर केली.

"भाऊ, सूर्य आमच्याकडंपन मावलतो."

ग्रामसभा

आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून खुर्च्या उडतात. इथं शाळेच्या वर्गात सतरंजीवर पुरुष पुढं, बायका भिंतीला टेकून, आणि सगळे इतके गप्प की मला वाटलं माणसांऐवजी फोटोच बोलावलेत. मी बाहेरचा, मला बोलायचा हक्क नाही असं सरपंचबाईंनी दारातच सांगितलं. माझं तोंड बघून सांगितलं असावं.

कंपनीचा साहेब तरुण, गोरा, भाषा पुण्याची. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यानं भिंतीवर निळ्या तळ्याचं चित्र दाखवलं, त्यात एक बोटही होती. "ही हरित ऊर्जा आहे. देशासाठी आहे," असं म्हणाला. मग विचारलं, "काही शंका?"

पुरुषांनी दाजींकडं बघितलं. दाजींनी सतरंजीकडं बघितलं. भिंतीजवळून बाय उठली.

"साहेब, आमच्या तल्याचं पानी कवा उतरनार?"

साहेबाचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला येत होता. "रोज, मावशी! तीच तर खासियत आहे!"

"आनि चरनार कवा?"

"रोज!"

वर्गात काहीतरी हललं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा बाजूच्याच्या कानात काही बोलला.

"मंग गालपेर कवा करायची?"

"मिळेल ना," साहेब म्हणाला. "मागेही सांगितलं मी. गाळ तुमचाच. काढलेला सगळा गाळ तुम्हाला फुकट. शेतात पसरायला."

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला, आणि माझ्यासारख्याच्या टाळक्यात पडला म्हणजे सगळ्या गावाच्या पडलाच असणार. या भल्या माणसाला गाळपेर हा शब्दच माहीत नव्हता! त्याला ऐकू आला तो नुसता गाळ. दाजींनी जमीन मागितली होती, तो चिखलाला हो म्हणाला होता. दोनदा मान डोलावून. आणि त्या दोन डोलावण्यांवर अख्खं गाव आपली खाचरं द्यायला निघालं होतं.

तेव्हा दाजी बोलले. शपथ घेऊन सांगतो, मी त्यांचा आवाज पूर्ण वाक्यात पहिल्यांदाच ऐकला.

"शेतात पसरायचा? शेत कुठं ठेवलंय तुमी?"

भिंतीजवळची एक आजीबाई फिस्सकन हसली. "अगं, सकाली वांगी लावायची, सांजच्याला त्यांना पोवाया शिकवायची!" आणि मग त्या वर्गात जे हसू फुटलं ते हसू नव्हतं. दात दिसत होते एवढंच.

साहेब घामाघूम झाला. "मासेमारी... पर्यटन..." असं काहीतरी म्हणू लागला. गायकवाडनं हात वर केला. त्यालाही हक्क नव्हता, पण त्याचं तोंड बघून कुणी अडवत नाही.

"साहेब, मी वीज खात्यातला माणूस, तुमच्या बाजूचा. एकच विचारतो. वरचं तळं डोंगरावर हवं, मान्य. पण खालचं तळं नवीन कशाला? शेजारी धरण बांधलेलं पडलंय. तेच खालचं तळं म्हणून वापरा. जे बुडायचं ते तिथं कधीच बुडून गेलंय."

"तिथवर बोगदा लांबतो, सर. खर्च फार वाढतो."

"आणि इथं?"

"इथं अंतर कमी आहे. परवडतं."

मला बोलायचा हक्क नव्हता. तरी मी बोललो, आणि एवढ्या मोठ्यानं बोललो की माळशेजच्या दरडी सावध झाल्या. "म्हणजे बोगदा लांबला तर तो खर्च! आणि माझ्या बहिणीचं शेत बुडालं तर ते अंतर कमी! कुठल्या शाळेत शिकलात हे गणित?"

सरपंचबाईंनी मला बाहेर काढलं. बरोबरच केलं. पण काढताना हळूच म्हणाल्या, "खिडकीशी थांबा, ऐकू येतं."

खिडकीतून मी बघितलं. ठरावाला कोण कोण हो म्हणतं, असं विचारलं. एकही हात वर नाही. दाजींचा हात सवयीनं अर्धा वर आला होता. तो त्यांनी टोपी नीट करायला वापरला. बाय मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून, जशी लहानपणी बाबांच्या मारापासून लपवायची.

मंजुरी मिळाली नाही. पण जिंकलो असं समजू नका. साहेबानं कागद पिशवीत घातले, फेकले नाहीत. रंगवलेले दगड होते तिथंच आहेत. निघताना तो माझ्याजवळ थांबला.

"सर, तो शब्द परत सांगता? गाळ...?"

"पेर," मी म्हणालो. "पेरणीतला पेर."

त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतला. मला त्याची दया आली. आणि दया आली याचा भयंकर राग आला.

पुन्हा माजिवडा

परत येऊन आठवडा झाला. हे सगळं मी इथं भेटेल त्याला सांगतो. लोक म्हणतात, म्हात्रे, तू कशाच्या बाजूनं? धरण नको, पाइप नको, तळं नको, मग वीज कुठून आणायची? गायकवाडही तेच विचारतो. मला माहीत नाही. मी आयटीआय अर्धवट सोडलेला माणूस आहे. मला एवढंच दिसलं की तिन्हीकडं खर्च मोजणारी माणसं नदीच्या एका काठावर बसतात आणि भरणारी दुसऱ्या काठावर. संध्याकाळी सातला कुणाची लिफ्ट चालावी म्हणून कुणाच्या घरात सातला कंदील लागतो, ही बेरीज कुठल्याच प्रकारात नव्हती. आधी ती मांडा. मग तिन्हींतलं कुठलंही बांधा, मी नारळ फोडायला येतो.

काल संध्याकाळी बायचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, कारंज्यापाशी.

"साहेब परत आयलता," ती म्हणाली. "गालपेर शिकून आयला. म्हनतो, गालपेर नाय व्हनार, मावशी, पन तल्यात मासं सोरू."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, रोज चरायचं नि रोज उतरायचं, मासं दमतील ना, बाबा. पानीबी दमल."

"गेला का?"

"चा पिऊन गेला. परत येनार हाय." मग म्हणाली, "येऊ दे. मी पन हितंच हाय."

फोन ठेवला. समोर पाणी निळं होऊन वर चढत होतं, जांभळं होऊन पडत होतं, पुन्हा चढत होतं. ना वीज, ना पीक, ना मासा. नुसतं वर आणि खाली. मी कमरेची किल्ली काढली, झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

पाणी एकदा धप्पकन पडलं आणि निपचित झालं. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. पाहुणे आलेत. मुलं रडतायत. आम्ही मेंटेनन्स कशाचा भरतो? सेक्रेटरी कुठं आहेत? कारंजं का बंद?

मी एका बोटानं टाइप केलं: पाणी दमलंय.

किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे.